शिताची साक्ष

(चकलांबा येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यात 'दावा' हा शब्द दोन ठिकाणी रोज ऐकू येतो. एक कोर्टात आणि दुसरा पीकविम्याच्या कागदावर. दोन्ही ठिकाणी दाव्याच्या मागोमाग लगेच पुरावा विचारला जातो. पारावर मात्र तसे नसते. तिथे माणूस बोलतो, चारजण माना डोलावतात आणि दावा सिद्ध झाला असे समजून सगळे उठतात. गंमत अशी की पुराव्याबद्दल नेमके काय विचारावे हे आपल्या भाषेला चांगले ठाऊक आहे. दोन गोष्टी लागोपाठ घडल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे सांगायला आपल्याकडे कावळा आहे आणि फांदी आहे. पोकळ युक्तिवादासाठी बोलाची कढी आहे. आणि थोड्यावरून सगळ्याची पारख करायची असेल तर शितावरून भाताची परीक्षा आहे. आज मला बोलायचे आहे ते या शिताबद्दल, कारण आपल्या आयुष्यातले पैशाचे, पाण्याचे आणि आरोग्याचे बरेचसे निर्णय कोणीतरी कुठूनतरी उचललेल्या शितावर होत असतात.

शितावरून भात कळतो, हे खरेच. पण का कळतो? पातेले एक, पाणी एक, जाळ एक आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईने एक-दोनदा उलथने फिरवलेले असते, म्हणून कळतो. वरचे शीत दाबून पाहिले आणि खाली करपले असेल, तर दोष शिताचा नसतो, ढवळले नव्हते याचा असतो. म्हणजे ही म्हण शिताबद्दल बोलते असे वाटले तरी तिची सगळी ताकद पातेल्यात आहे. शीत खरे असूनही साक्ष खोटी निघू शकते. म्हणून दाव्याच्या समर्थनार्थ कोणी उदाहरण पुढे केले, तर 'हे खरे आहे का' एवढे विचारून भागत नाही. 'पातेले ढवळले होते का' हेही विचारावे लागते. माझा आजचा मुद्दा एवढाच आहे. तो सोपा वाटतो, पण तो पाळणे किती अवघड आहे ते आपल्याच शेतात जाऊन पाहू.

पंतप्रधान पीकविमा योजना २०१६ च्या खरिपापासून सुरू झाली. आपल्याकडे मुख्य पिकांसाठी तिचे एकक महसूल मंडळ आहे. चकलांबा मंडळातल्या सोयाबीनला नुकसानभरपाई मिळणार की नाही, हे ठरवायला कोणी प्रत्येक शेत मोजत नाही. मोजणे शक्यही नाही. मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मंडळात एका पिकाचे किमान दहा कापणी प्रयोग होतात. गाव, गट आणि शेत यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकून काढल्यासारखे, निवडले जाते. शेतात प्लॉट कुठे पडणार तेही कृषी सहायकाच्या मर्जीवर नसते. यादृच्छिक अंक येईल तितकी पावले लांबीत, तितकी रुंदीत चालायची आणि तिथे खुंटी ठोकायची. सोयाबीनसाठी दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद दोरी ताणली जाते. आतले पीक कापायचे, मळायचे, उफणायचे, तोलायचे. त्या दहा वजनांवरून मंडळाचा सरासरी उतारा निघतो आणि त्याची तुलना उंबरठा उत्पादनाशी होते. हा उंबरठाही मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांच्या सरासरीवरून, जोखीमस्तराने गुणून काढलेला असतो. उतारा त्याच्या खाली गेला तर भरपाई, वर राहिला तर नाही. ज्याच्या शेतात गुडघाभर पाणी उभे राहिले त्यालाही तोच निकाल आणि ज्याचे माळरानावरचे सोयाबीन तगले त्यालाही तोच. दहा शिते आणि हजारो पानांची पंगत.

ही पद्धत आभाळातून पडलेली नाही. तिच्यामागे मराठी माणसांचे मोठे काम आहे, पण शाळेच्या पुस्तकात ते आढळत नाही. पांडुरंग वासुदेव सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, जन्म १९११ चा. लंडनमध्ये संख्याशास्त्र शिकून ते परत आले. १९४० च्या दशकात दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत त्यांनी आणि विनायक गोविंद पानसे यांनी पीककापणीच्या यादृच्छिक पाहणीला शास्त्रीय शिस्त लावली. त्याच काळात बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस मोठ्या पाहण्या करत होते. त्यांचा कल लहान वर्तुळाकार कापणीकडे होता. प्लॉट लहान असला की कापणी झटपट होते, त्याच खर्चात जास्त शेते पाहता येतात आणि शेते जितकी जास्त तितका अंदाज पक्का, असा त्यांचा हिशेब होता. तर्क म्हणून तो अगदी बिनतोड. सुखात्म्यांनी त्याला तर्काने उत्तर दिले नाही. त्यांनी एकाच शेतात लहान आणि मोठे प्लॉट कापून तुलना केली आणि १९४६ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात निष्कर्ष मांडला: लहान प्लॉटमधून निघणारा उतारा खऱ्यापेक्षा जास्त येतो.

का जास्त येतो, हे बांधावर उभे राहिल्याशिवाय कळत नाही. दोरी ताणली की एखादे झाड बरोबर दोरीवर येते. ते आत धरायचे की बाहेर? खोड आत असेल तर आत, हा नियम. पण वाकलेले, शेंगांनी लगडलेले झाड समोर असले की कापणाऱ्याचा हात त्याला आत ओढतो. लबाडी नसते त्यात, हाताची सवय असते. अशी झाडे फक्त कडेवर असतात आणि प्लॉट जितका लहान तितकी त्याची कड प्रमाणाने मोठी. एक मीटर बाय एक मीटरच्या चौकोनात एका चौरस मीटरमागे चार मीटर कड पडते. दहा बाय पाचच्या प्लॉटमध्ये पन्नास चौरस मीटरला तीस मीटर, म्हणजे चौरस मीटरमागे साठ सेंटिमीटर. महालनोबिस मोठेच शास्त्रज्ञ होते आणि आपले प्रशिक्षित लोक अशी चूक करत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. वाद बराच रंगला. पण मला त्यातली एक गोष्ट मोलाची वाटते. चुकीची दिशा माहीत झाल्यावर शितांची संख्या वाढवून उपयोग नसतो. दहाऐवजी हजार लहान प्लॉट कापले, तर तीच चूक हजार वेळा होते आणि आकडा मात्र जास्त भरवशाचा दिसू लागतो. 'इतके लोक सांगतात, मग खोटे कसे असेल' या वाक्यातली मेख तीच आहे.

आता हे आपल्या खिशाशी जोडून पाहा. पन्नास चौरस मीटरला दोनशेने गुणले की एक हेक्टर होते. उतारा फुगला तर तो उंबरठ्याच्या वर जातो आणि भरपाई जाते. ओल्या शेंगा तोलल्या, वाळल्यावरचे वजन धरलेच नाही, तरी तेच होते. उलट दिशेने ओढणारे हातही असतात. गावाला उतारा कमी दिसायला हवा असतो, विमा कंपनीला जास्त. दोघांनाही प्लॉट आपल्या सोयीच्या जागी हवा असतो. यादृच्छिक निवड ही या दोन्ही हातांपासून शिताला वाचवायची युक्ती आहे, म्हणून ती कंटाळवाणी वाटली तरी मोडू देता कामा नये. आणि आज तिचे महत्त्व पूर्वीपेक्षा वाढले आहे. शेतात पाणी शिरले तर ७२ तासांच्या आत कळवून स्वतंत्र पाहणी मागण्याची सोय आपल्याकडे होती. मे २०२५ च्या शासन निर्णयाने एक रुपयातला विमा बंद झाला, तशी ही सोयही राज्याच्या योजनेतून गेली आणि भरपाईचा आधार मुख्यतः कापणी प्रयोगच उरला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मराठवाडा पाण्याखाली गेला. विम्यापुरते बोलायचे तर ज्याचे शेत वाहून गेले, त्याचा स्वतःचा पुरावा त्या हंगामात कोणी विचारलाच नाही. विचारली ती मंडळाच्या शितांची साक्ष.

पावसाचेही तसेच. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला तर त्या मंडळात अतिवृष्टी झाली असे धरतात. मंडळाचे क्षेत्र केवढे आणि यंत्रे किती, हे इथे बसलेल्यांना सांगायला नको. वळवाचा पाऊस तर बैलाच्या एका शिंगावर पडतो आणि दुसरे कोरडे राहते. शिवाय पर्जन्यमापक झाडाजवळ किंवा भिंतीच्या आडोशाला असला तर तो आपले काम इमानाने करूनही कमी दाखवतो.

इथवर सरकारला आणि कंपनीला विचारायचे प्रश्न झाले. पण पातेले ढवळले होते का, हा प्रश्न फक्त समोरच्याला विचारायचा असेल तर त्याला भांडण म्हणावे लागेल. ज्या दाव्याशी आपली सहानुभूती आहे त्यालाही तो विचारता आला पाहिजे. म्हणून याच जिल्ह्यातले, जास्त दुखरे उदाहरण घेतो.

२०१९ च्या उन्हाळ्यात बीड जिल्ह्याचे नाव जगभरच्या वृत्तपत्रांत आले. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या जातात, असा दावा होता. काही गावांत निम्म्या बायकांच्या पिशव्या काढलेल्या आहेत, असे छापून आले. त्याआधी सुमारे दोनशे महिलांच्या एका पाहणीत हे प्रमाण ३६ टक्के निघाले होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत महाराष्ट्राचे प्रमाण होते २.६ टक्के. जूनमध्ये विधिमंडळात आरोग्यमंत्र्यांनी सांगितले की तीन वर्षांत जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. मग नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली.

हे आकडे एकत्र वाचले की डोके गरगरते आणि ज्याला जो सोयीचा तो आकडा तो उचलतो. त्यांची नीट जुळणी केली तर चित्र दिसते. ४,६०५ आणि १३,८६१ हे एकमेकांना खोटे पाडत नाहीत. पहिला तीन वर्षांत झालेल्या शस्त्रक्रियांचा आकडा आहे, दुसरा आजवरच्या आयुष्यात झालेल्यांचा. जायकवाडीची आवक आणि जायकवाडीचा साठा यांत जो फरक, तोच इथे. शिवाय पहिल्याला छेदच नाही. किती बायकांमागे ४,६०५, हे सांगितल्याशिवाय तो जास्त की कमी हे ठरत नाही. निम्म्या बायका हे त्या काही गावांचे शीत होते आणि बातमीदार त्या गावांत गेला तोच बहुधा तिथे प्रमाण जास्त आहे हे ऐकून. म्हणजे करपलेल्या जागीच चमचा घातलेला. ३६ टक्के आले तेव्हा त्या दोनशे जणी कशा निवडल्या, हे बातमी वाचताना फार थोड्यांनी विचारले. ब्याऐंशी हजारांच्या पाहणीत प्रमाण आले सुमारे १७ टक्के, म्हणजे सहा बायकांमागे एक.

काहींना हा उतार म्हणजे दाव्याचा पराभव वाटला. मला तो विजय वाटतो. ३६ टक्क्यांवर कोणीही बोट ठेवून 'दोनशेच बायका' म्हणू शकत होता. सहांत एक या आकड्यावर तसे म्हणता येत नाही. दावा निम्म्याहून लहान झाला आणि उभा राहिला. चांगला पुरावा पुष्कळदा हेच करतो. तो आपली ओरड कमी करतो आणि उत्तर टाळणाऱ्याची वाट बंद करतो.

तरीही विचारायचे राहतेच. राष्ट्रीय पाहणीतले २.६ टक्के पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या सगळ्या बायकांचे आहेत. त्यांत विशीतल्या मुली मोठ्या संख्येने येतात आणि त्यांच्यात हे प्रमाण नगण्य असते. तोडणीला जाणाऱ्या बायकांची वयोरचना वेगळी असेल तर साडेसहा पटींचे अंतर कमी होईल. खरी तुलना हवी ती त्याच तालुक्यातल्या, त्याच वयाच्या, पण फडावर न जाणाऱ्या बायकांशी. ती केल्याशिवाय 'तोडणीमुळे' हा शब्द जपून वापरावा लागतो. मुकादमाच्या सक्तीने हे घडते, असे सरसकट म्हणणे तर त्याहून पुढची उडी आहे. कावळा बसला आणि फांदी मोडली, एवढेच अजून हाती असते. पण इथे फांदी कशी मोडते याची दुसरी माहितीही आहे. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल आधीच घेतलेली. पाळीत दोन दिवस खाडा झाला तर दंड. फडावर पाणी नाही, संडास नाही, अंगावरून जाणाऱ्या तक्रारींवर वेळेत साधे औषध नाही आणि दवाखान्यात गेल्यावर कॅन्सरची भीती घातली जाते. या साखळीतली एकेक कडी वेगळी तपासता येते. आकडा आणि कडी एकमेकांना धरून उभ्या राहिल्या की अनुमानाला पाय फुटतात.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. तोडणीवरच्या बाईने स्वतःच्या तोंडाने सांगितले, तो पुरावा नाही का? तिला छेद आणि वयोरचना विचारणे ही क्रूरता नव्हे का? माझे उत्तर असे की तिचे सांगणे हा पुरावाच आहे, फक्त तो तिच्याबद्दलचा आहे. आपल्या न्यायशास्त्राने प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्या पंगतीत शब्दालाही प्रमाण म्हणून बसवले आहे. पण शब्द कोणाचा, त्याला ते कसे कळले, हे विचारूनच. आणि हे करून दाखवणारी माणसे आपल्या परिसराला परकी नाहीत. गोदाकाठचे पांचाळेश्वर आपल्याच तालुक्यात आहे आणि महानुभावांसाठी ते आत्मतीर्थ आहे. त्या पंथाच्या म्हाइंभटांनी तेराव्या शतकात चक्रधरांच्या लीळा गोळा केल्या, त्या ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांना गाठून. पुढे मूळ पोथी हरवली, स्मरणातून पाठ पुन्हा उभे केले गेले आणि जिथे स्मरण जुळले नाही तिथे कोणाचा पाठ वेगळा आहे ते नावानिशी नोंदले गेले. भक्तीने लिहिणाऱ्या माणसांना सगळे पाठ गुळगुळीत करून एक करणे सहज जमले असते. त्यांनी मतभेद शिल्लक ठेवला. साक्षीचा याहून मोठा मान मला माहीत नाही. साक्षीला मान द्यायचा म्हणजे ती नाव, वेळ आणि जागेसह लिहून घ्यायची. बाईचे सांगणे ऐकून हळहळायचे आणि कागदावर काहीच उतरवायचे नाही, याला मी सहानुभूती म्हणायला तयार नाही.

दुसरा आक्षेप गरिबीचा. पुरावा जमवायला वेळ, शिक्षण आणि पैसा लागतो. तो ज्याच्याकडे नाही त्याने काय करावे? हे अगदी खरे आहे आणि म्हणूनच ओझे कोणाच्या डोक्यावर, याचा नियम बदलायला हवा. कापणी प्रयोगाची नोंद, पर्जन्यमापकाचे आकडे, रुग्णालयाचे शस्त्रक्रिया रजिस्टर हे सगळे ज्याच्या कपाटात आहे त्याने ते उघडून दाखवावे. शेतकऱ्याकडून किंवा मजूर बाईकडून तेच कागद पुन्हा मागणे म्हणजे विहिरीच्या मालकाने तहानलेल्याला पोहरा आणायला सांगणे. मात्र याचा अर्थ गरिबाच्या दाव्याची तपासणीच नको, असा होत नाही. एक रुपयात विमा असताना याच जिल्ह्यात सरकारी जमिनी आणि दुसऱ्याची शेते दाखवून भरलेले अर्ज सापडले. त्या बोगस अर्जांनी नुकसान कोणाचे केले? कंपनीचे नव्हे फारसे. ज्याचे खरोखर बुडाले होते, त्याचा कागदही त्यानंतर संशयाने पाहिला जाऊ लागला. खोटा दावा खऱ्या दाव्याचीच पत खातो.

आकडे काय, कसेही फिरवता येतात, असेही म्हटले जाते. येतात. शब्दही येतात, फक्त शब्द फिरवला तर पकडणे जास्त कठीण जाते. आकडा फिरवायचा तर छेद लपवावा लागतो, वर्ष लपवावे लागते, शीत कुठून घेतले ते लपवावे लागते. लपवलेले विचारता येते. 'सगळेच असे म्हणतात' यातले 'सगळे' मात्र कुठल्याच रजिस्टरात सापडत नाहीत. उपग्रहाच्या प्रतिमांवरून काढलेल्या उत्पादनालाही आता काही पिकांत वजन दिले जाते. त्यालाही हेच विचारायचे: प्रतिमा आणि जमिनीवरचे वजन जुळते हे कुठे, कोणत्या हंगामात, किती शेतांत तपासले?

एक विनंती करतो आणि थांबतो. येत्या हंगामात आपल्या गावात कापणी प्रयोग कोणत्या गटात आहे, ते ग्रामपंचायतीत आणि कृषी सहायकाकडे आधी विचारा. त्या दिवशी दोघातिघांनी बांधावर जा. भांडायला नको, पाहायला जा. दोरी ताठ आहे का, कडेचे झाड कुठे धरले, काटा शून्यावर होता का, वजन ओल्या मालाचे घेतले की वाळलेल्या, हे शाळेच्या वहीत तारीख घालून लिहा आणि खाली हजर असलेल्यांच्या सह्या घ्या. आकडा आपल्या विरुद्ध गेला तरी तसाच लिहा. त्या पन्नास चौरस मीटरमध्ये एका किलोची चूक झाली, तर हेक्टरी दोन क्विंटलचा फरक पडतो.